मुलांच्या रूपावर इलाज : सही करण्याआधी

मढीची यात्रा, मोहटादेवीचं नवरात्र, उन्हाळ्यातली लग्नसराई आणि दहावीचा निकाल. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुलांच्या अंगावर काहीतरी ‘करून घेण्याचे’ हे चार मोसम. यात्रेतून पंधरा वर्षांचा मुलगा दंडावर नाव गोंदवून येतो. लग्नाच्या आठवडाभर आधी सोळा वर्षांच्या करवलीला चेहरा उजळायला नेतात. निकालाचं बक्षीस म्हणून कुणी मोबाइल मागतं, कुणी ओठांवरची लव लेझरनं काढून मागतं. मग आईबापांना प्रश्न पडतो, हे कायद्यात बसतं का? आणि आमची सही पुरते का?

अठरा वर्षांखालच्या मुलांवर सौंदर्योपचार करायला नाव घेऊन बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. इंग्लंडमध्ये आहे. तिथे १ ऑक्टोबर २०२१पासून केवळ दिसण्यासाठी अठराखालच्या कुणालाही बोटॉक्स किंवा फिलरचं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे आणि आईवडिलांनी संमती दिली तरी तो गुन्हाच राहतो. ब्रिटनमध्ये अल्पवयीन मुलांना टॅटू काढण्यावर तर १९६९पासून बंदी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं २००८मध्ये मुलांच्या सौंदर्यशस्त्रक्रियांवर निर्बंध घातले. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचा ‘तिकडे करत नाहीत, सुट्टीत गावाकडे आलो की उरकून घेऊ’ असा बेत कानावर आला, तर तिकडे का करत नाहीत हे आधी विचारावं.

आपल्याकडे एका ओळीची बंदी नसली तरी मोकळं रानही नाही. नियम आहेत, पण ते पाच-सात कायद्यांत विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून पाहिले की सगळे एकाच शब्दाभोवती फिरताना दिसतात : मुलाचं हित.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची २५ ते ३० ही कलमं संमतीबद्दल आहेत. स्वतःला इजा होऊ शकेल अशा गोष्टीला केवळ आपली मर्जी म्हणून संमती द्यायची, तर माणूस अठरा वर्षांवरचा हवा. उपचार त्याच्या हितासाठी आणि सद्‍हेतूनं होत असेल, तर डॉक्टरला संरक्षण मिळतं. मूल बारा वर्षांखालचं असेल, तर त्याची स्वतःची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही. तिथे पालकाची लागते, आणि तीसुद्धा मुलाच्या हितासाठीच चालते. हित म्हणजे काय, हे या कलमांनी फारसं फोड करून सांगितलेलं नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली आहे : निव्वळ पैशाचा फायदा म्हणजे हित नाही. मुलीला जाहिरातीत किंवा रीलमध्ये कामं मिळतील म्हणून नाक नीट करून घेऊ, हे कारण या कसोटीवर टिकणार नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ हाही पालकाला मुलाच्या गरजेपुरते आणि हितापुरतेच अधिकार देतो. म्हणजे तुमची सही मालकाची नसते. ती विश्वस्ताची असते आणि विश्वस्ताला हिशोब द्यावा लागतो.

सही कुणाची चालते?

आईची किंवा वडिलांची. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार अल्पवयीन मुलावर शस्त्रक्रिया करण्याआधी पालकांची लेखी संमती घेणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मावशी, मामा, कॉलेजची मैत्रीण, वसतिगृहाचे रेक्टर यांच्या सहीला इथे किंमत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही अडचण कागदापुरती राहत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पोरं आजी-आजोबांजवळ राहतात. अकोले तालुक्याच्या डोंगरातली मुलं आश्रमशाळेत असतात. अशा मुलाला अपघात झाला आणि आईबाप हाताशी नसले, तर न्याय संहितेचं ३०वं कलम डॉक्टरला संमतीविना उपचार करू देतं. जीव वाचवायला कुणी कागदाची वाट पाहू नये. पण तीळ काढायला, दात सजवायला किंवा केस सरळ करायला कसली आलीय तातडी? आजीचा अंगठा घेऊन असं काही करायला कुणी निघालं, तर आजीनं सरळ सांगावं, लेकरू माझं नातवंड आहे, आईबाप कारखान्यावरून येऊ द्या.

सही करतानाही काय वाचायचं ते सर्वोच्च न्यायालयानं २००८च्या समीरा कोहली प्रकरणात सांगून ठेवलं आहे. उपचार नेमका कोणता, त्यातून काय साधणार, धोके काय, दुसरे मार्ग कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं समजल्यावर दिलेली संमतीच खरी संमती. एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. त्यामुळे ‘आवश्यक वाटेल ते सर्व उपचार’ असं छापलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. प्रक्रियेचं नाव, शरीराचा भाग, भूल कोणती, किती वेळा यावं लागणार, हे मराठीत लिहून मागा. जिथे इंग्रजीशिवाय कागद मिळत नाही, तिथे त्याच कागदाखाली तुम्हाला काय समजलं ते तुमच्या अक्षरात लिहून मग सही करा. डॉक्टर रागावले तर ती तुम्हाला मिळालेली आगाऊ सूचना समजा.

पालकांच्या सहीची मर्यादा भारतात सर्वांत स्पष्टपणे सांगितली गेली ती मद्रास उच्च न्यायालयात. २२ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती जी. आर. स्वामीनाथन यांनी एका निकालात, जन्मतः लैंगिक अवयवांची रचना वेगळी असलेल्या बाळांवर ते अवयव ‘मुलासारखे’ किंवा ‘मुलीसारखे’ दिसावेत म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. पालकांची संमती म्हणजे मुलाची संमती मानता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. तमिळनाडू सरकारनं त्याच वर्षी जिवावर बेतणारे प्रसंग वगळून अशा शस्त्रक्रियांना मनाई केली. हा आदेश महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. पण आपल्याकडे असं बाळ जन्मलं की घरात कुजबुज सुरू होते, ‘कुणाला कळायच्या आत ऑपरेशन उरका’ म्हणणारे चार जण जमतात, तेव्हा या निकालाची आठवण कामाची आहे. डॉक्टरला दोनच प्रश्न विचारा. बाळाच्या जिवाला, लघवीला किंवा शरीरातल्या क्षारांच्या समतोलाला धोका आहे का? असेल तर आजच उपचार करा. नसेल तर दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया मूल मोठं होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबू शकते का? बहुतेक वेळा थांबू शकते.

भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा

पार्लरच्या भिंतीवर फ्रेममध्ये शॉप ॲक्टचं लायसन्स लावलेलं असतं. त्यावर सरकारी शिक्का असतो आणि माणसाला वाटतं, सगळं अधिकृत आहे. ते लायसन्स दुकान चालवण्याचं असतं. त्यातून सुई टोचण्याचा, त्वचा जाळण्याचा किंवा भूल देण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही. शेजारी टांगलेलं ‘कॉस्मेटॉलॉजी’चं पंधरा दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्रही तो देत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल सूचना काढल्या, तेव्हा यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण होत नाही, हे लिहून सांगावं लागलं. यावरून बाजार कुठे पोचलाय याचा अंदाज यावा.

त्वचेचं काम असेल तर एमडी, डीएनबी किंवा त्वचारोगाची पदविका असलेला डॉक्टर, शस्त्रक्रिया असेल तर प्लॅस्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेला सर्जन पाहा. नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९च्या ३४व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा थेट पोलीस ठाण्यात देता येते. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्ह्यात सरकारी समिती असते. तिला कामाला लावायला लेखी अर्ज लागतो, चावडीवरची चर्चा चालत नाही.

आता क्रीमबद्दल. माझ्या मते लेझर आणि बोटॉक्सपेक्षा मोठा धोका इथेच आहे, कारण ते शंभर-दीडशे रुपयांत मिळतं आणि त्याला कुणी उपचार म्हणत नाही. विदर्भातल्या अकोल्यात एका महाविद्यालयीन मुलीनं स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावायला सुरुवात केली. पाठोपाठ आई आणि बहीणही तेच वापरू लागल्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. २०२३च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे छापून आली होती. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर कोणत्याही तयार प्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणू नका. फारच लवकर फरक पडला म्हणून खूश होऊ नका. दोन आठवड्यांत रंग उजळवणाऱ्या डबीत बहुतेकदा पारा असतो, नाहीतर स्टिरॉइड.

स्टिरॉइडची ट्यूब तर मेडिकलवाला मागितली की काढून देतो. २०१८मध्ये त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड क्रीमना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मुलांची त्वचा पातळ असते. काही महिन्यांत चेहरा लाल होतो, पुरळ येतं, लव वाढते आणि क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. चिठ्ठीविना विक्री किंवा बिनपत्त्याचं क्रीम दिसलं, तर अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा. उरलेली डबी फेकू नका, तोच पुरावा आहे. गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोनची सलाइन लावणाऱ्यांचं पीकही हल्ली आलंय. भारतात त्या औषधाला मंजुरी आहे ती यकृताच्या आजारांसाठी; रंगासाठी नाही. अठराखालच्या मुलीला ती लावायला कुणी तयार असेल, तर दारातूनच मागे फिरा.

उंची वाढवणारी पावडर आणि कोड हमखास घालवणारं तेल, या दोन्हींच्या जाहिराती औषधे व जादुई उपाय कायदा, १९५४नुसार बेकायदा आहेत. सत्तर वर्षं झाली हा कायदा होऊन. एसटी स्टँडवरच्या भिंतींनी तो अजून वाचलेला नाही, एवढंच.

टॅटू, कान आणि चामखीळ

टॅटूसाठी किमान वय सांगणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही, पण जिल्ह्यातल्या मुलांना थांबवायला दुसरा एक नियम पुरेसा आहे. सैन्यात भरती होताना कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर, मानेवर, छातीवर चालत नाही. परंपरेनं गोंदवून घेणाऱ्या आदिवासी समाजांना यात वेगळी सवलत आहे. अहिल्यानगर शहरातच आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या गावागावांत दिसतात. त्यातल्या एखाद्याला यात्रेत दोनशे रुपयांत काढलेल्या नावामुळे मैदानातून परत फिरावं लागलं, तर त्याची दाद कुठे मागणार? लेझरनं टॅटू पुसता येतो, पण कित्येक बैठका लागतात, खर्च होतो आणि डाग राहू शकतो. यात्रेत एकच सुई, एकच शाईची वाटी दहा जणांना वापरली जाते, त्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. आजीच्या कपाळावरचं गोंदण दाखवून पोरं वाद घालतात. त्यांना सांगावं, आजीला भरतीला जायचं नव्हतं.

कान टोचणं हाही सौंदर्योपचारच, आपल्याला तो तसा वाटत नाही एवढंच. इतक्या किरकोळ इजेची कायदा दखल घेत नाही. न्याय संहितेच्या ३३व्या कलमातच तशी मुभा आहे. म्हणून सोनाराकडे जायला हरकत नाही. फक्त बारशाची घाई करू नका. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी झाल्यावर, नव्या सुईनं, कानाच्या मऊ पाळीलाच टोचून घ्या. वरच्या कूर्चेला मुळीच नको. तिथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडतो.

चामखीळ घोड्याच्या केसानं बांधणं किंवा तिळावर चुना-सोडा लावणं, हे तर घरात बसून चेहऱ्यावर व्रण विकत घेणं आहे. मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा आपोआप जातात. तीळ आकारानं, रंगानं बदलत असेल तर तो डॉक्टरला दाखवायचा, ब्युटिशियनला नाही.

जे थांबू शकतं, जे थांबू शकत नाही

माझं सांगणं आहे ते इथे. आपण घाई करतो ती थांबू शकणाऱ्या गोष्टींची आणि ढकलतो त्या थांबू न शकणाऱ्या.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची छाती थोडी वाढलेली दिसते. पोरं चिडवतात, मुलगा पोहायला जात नाही आणि घरचे ऑपरेशनचा दर विचारू लागतात. वयात येताना होणारी ही वाढ बहुतेक मुलांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या आणि थांबा. नाकाची शस्त्रक्रिया नाकाची वाढ पुरी होण्याआधी केली, तर नंतर पुन्हा करावी लागू शकते. मुरुमं हा आजार आहे, त्यावर औषध आहे. महागडं लेझर ही त्याची पहिली पायरी असत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी पहिली भेट आणि होकार यांच्यात काही आठवडे जाऊ द्या. ‘आज पैसे भरले तर निम्म्या दरात’ म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

उलट, दुभंगलेल्या ओठाचं बाळ. ‘ग्रहणात कापलं’ म्हणून आईलाच दोष देऊन बाळ घरात झाकून ठेवलं जातं, आणि मोठं झाल्यावर बघू म्हणतात. ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठी आहे असा समज आहे, म्हणून ती लांबते. खरं तर दूध पिणं, कान आणि बोलणं या सगळ्याशी तिचा संबंध आहे. ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत शिवली गेली, तर वाचा नीट येण्याची शक्यता खूप वाढते. सर्जन एक जुना आडाखा सांगतात : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. तिरळ्या डोळ्याचंही तेच. ‘लकी आहे’ म्हणून तो तसाच ठेवतात आणि सात-आठ वर्षांनंतर त्या डोळ्याची गेलेली नजर परत आणणं अवघड होतं. चुलीवर भाजून मानेला-हाताला आलेला आवळ, पापणीवर उतरून नजर झाकणारी जन्मखूण, यांतही उशिराचा तोटा मुलालाच होतो.

यासाठी पैसा आड येऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. दुभंगलेला ओठ, टाळू, तिरळेपणा त्यांच्या यादीत आहे. पथकाची वाट न पाहता आशाताईंना सांगितलं तरी चालतं. पुढचा रस्ता जिल्हा रुग्णालयातून जातो. लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय जिल्ह्यातच आहेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

बिघडलं तर

आधी कागद गोळा करा. २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा पालकानं मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायला हव्यात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. चेहऱ्याचे रोजचे फोटो तारखेसह काढून ठेवा. क्लिनिकला मात्र ‘आधी-नंतर’चे फोटो जाहिरातीत वापरायची परवानगी देऊ नका. फॉर्ममध्ये ती ओळ बारीक अक्षरात असते, ती खोडून सही करा.

डॉक्टरच्या वागण्याबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. पैसे देऊन घेतलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्येच स्पष्ट केलं आहे, म्हणून पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी’ हा सौदा पुढे फार महागात पडतो. २०१९च्या नव्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो. उपचार पुण्यात झाले असले तरी जामखेडच्या माणसाला पुण्याला खेटे घालायला नकोत, अहिल्यानगरला दावा लागतो. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या न्यायालयातही तशी समिती असते आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. जाताना उपचाराच्या पावत्या, संमतीपत्राची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन जा. उपचाराच्या दिवशी मुलाचं वय किती होतं, हे पहिल्याच पानावर लिहावं लागतं.